पितळी वाद्ये, कामगारवस्ती आणि आपली मुले

वाद्यांचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे राजदरबार नाही तर देवालय येथून आरंभ करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वीणा, सतार, सनई ह्यांच्या बाबतीत ती योग्यच होय. परंतु आज ज्यांस आपण बँडची वाद्ये म्हणतो, त्या कॉर्नेट, ट्रंपेट, युफोनियम, ट्रॉम्बोन इत्यादी पितळी वाद्यांचे बालपण छावणीत गेले आणि तारुण्य कारखान्यांच्या गावांत. छावणी आणि कारखाना ह्या दोन्ही गोष्टी आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यास नव्या नाहीत. एका अंगास खडकी, दापोडी व देहूरोड येथील लष्कर, दुसऱ्या अंगास पिंपरी, आकुर्डी, भोसरी व चाकण येथील कारखाने, आणि मध्ये आपली घरे. तेव्हा हा विषय प्रथमदर्शनी वाटतो तितका आपल्यापासून दूरचा नाही, हे आरंभीच सांगून ठेवणे बरे.

विषयास निमित्त असे की, मंडळाच्या शिक्षणसाहाय्य निधीकडे पुस्तके, शुल्क व वसतिगृहाचा खर्च ह्यांसाठी येणाऱ्या अर्जांच्या जोडीस अलीकडे एखादा अर्ज वाद्यासाठी येऊ लागला आहे. शाळेच्या बँडपथकात मुलाची किंवा मुलीची निवड होते. शाळेचे वाद्य घरी नेता येत नाही. आणि घरी सराव झाल्याखेरीज हे वाद्य येत नाही. मग कमीत कमी खर्चात कोणते वाद्य घ्यावे, असा प्रश्न पालक विचारतात. त्यावर आपल्यांतील वडीलधाऱ्यांची दोन मते पडतात. एक मत असे की, गावगाड्याने ज्यांच्याकडून लग्नात वाजवून घेतले पण ज्यांस पंक्तीस बसविले नाही, त्या वाजंत्र्यांच्या वाटेस आपल्या मुलांनी कशासाठी जावे? दुसरे मत असे की, ही श्रीमंतांची हौस आहे. पगारदार कुटुंबास ती परवडणार नाही. मजेची गोष्ट अशी की, ही दोन मते परस्परविरुद्ध असूनही पुष्कळदा एकाच तोंडून ऐकू येतात! दोहोंचा विचार इतिहासाच्या आधारे करावा, आणि तसे करताना पालकांस व्यवहारात उपयोगी पडेल असे काही सांगावे, एवढाच आमचा हेतू आहे.

धातूच्या नळीत ओठांच्या कंपनाने फुंकर घालून नाद काढण्याची विद्या इंग्रजांनी आपणांस शिकविली असे कोणी समजू नये. तुतारी, कर्णा आणि शिंग ही आपली जुनी वाद्ये. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळा यांनी शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने लढविला. त्या काळच्या लष्करांत इशारतीचे काम अशाच वाद्यांकडे असे. आजही तुकोबारायांची पालखी देहूहून निघून आकुर्डीस मुक्कामास येते, तेव्हा पुढे तुतारीचा नाद असतो. मात्र तुतारीस कळा नाहीत. नळीची लांबी कायम असल्यामुळे तीतून निसर्गाने दिलेले मोजके स्वरच निघतात. लष्करी बिगुलाचेही तसेच आहे. बिगुलावरील सारे हुकूम षड्ज, पंचम, तारषड्ज, तारगंधार आणि तारपंचम ह्या पाच स्वरांतच बसविलेले असतात. ह्यांत सलग सप्तक नाही, म्हणून गाणे वाजविता येत नाही.

ही अडचण दूर झाली ती जर्मनीत. हाइनरिश श्टोल्त्सेल व फ्रीडरिश ब्ल्यूमेल ह्या दोघांनी १८१८ मध्ये बर्लिन येथे कळेचे पेटंट घेतले. कळ दाबली की हवेस एका जादा नळीतून वळसा पडतो, नळीची लांबी वाढते आणि स्वर उतरतो. पुढे १८३९ मध्ये पॅरिस येथील पेरिने यांनी ह्या कळेस जे रूप दिले, तेच किरकोळ फेरफारांसह आजच्या बहुतेक कॉर्नेट-ट्रंपेटांवर दिसते. मधली कळ अर्धा स्वर उतरविते, पहिली एक स्वर आणि तिसरी दीड स्वर. ह्या तिन्हींच्या जुळणीने नळीच्या सात लांब्या मिळतात आणि तेवढ्यावर सारे कोमल-तीव्र स्वर वाजतात. सनईच्या भोकांवर अर्धे बोट ठेवून श्रुती साधावयास जी तपश्चर्या लागते, ती येथे यंत्राने पुष्कळशी हलकी केली. तपश्चर्या राहिली ती ओठांची आणि श्वासाची.

ह्यापुढील इतिहास आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. १८४० नंतर आडोल्फ साक्स यांनी लहानमोठ्या पितळी वाद्यांचे एक कुटुंबच तयार केले. सॅक्सोफोन ज्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे तेच हे गृहस्थ. ह्या कुटुंबातील सर्व वाद्यांवर बोटे एकसारखी पडतात. डिस्टिन नावाच्या वादक कुटुंबाने ती वाद्ये इंग्लंडभर ऐकविली आणि उत्तर इंग्लंडातील गिरण्या व कोळशाच्या खाणी येथील कामगारांनी ती उचलून धरली. मँचेस्टर येथील बेल व्ह्यू उद्यानात १८५३ मध्ये ब्रासबँडांची मोठी स्पर्धा भरली. यॉर्कशरमधील क्वीन्सबरी येथील ब्लॅक डाइक मिल्स ह्या लोकरगिरणीचा बँड १८५५ पासून त्या गिरणीच्या नावाने ओळखला जातो. दिवसभर मागावर उभे राहणारा माणूस संध्याकाळी कॉर्नेट वाजवी आणि त्यास कोणी वाजंत्री म्हणून हिणवीत नसे. उलट गावची इभ्रत त्याच्या फुंकरीवर अवलंबून असे.

ज्यांच्या आठवड्याच्या मजुरीत घरभाडे आणि भाकरी भागविताना ओढाताण होई, त्या माणसांस ही वाद्ये परवडली कशी, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. कारण आपल्या पालकांचाही नेमका हाच प्रश्न आहे. आमच्या समजुतीप्रमाणे कारणे दोन. पहिले हे की, वाद्य वादकाच्या मालकीचे नसून बँडच्या मालकीचे असे. वर्गणी, गिरणीमालकाची मदत आणि हप्ते ह्यांवर ते घेतले जाई. एक वादक गेला की दुसऱ्याच्या हाती जाई. दुसरे कारण वाद्यांच्या रचनेतच होते. बोटे एकसारखी आणि लिपीही एकसारखी, त्यामुळे कॉर्नेट शिकलेला मुलगा गरज पडताच युफोनियमवर बसू शके. एकदा शिकलेली विद्या पुन्हा शिकावी लागत नसे. स्वस्ताई निव्वळ किमतीत नव्हती, ती ह्या सोयीत होती.

आपल्याकडे ही वाद्ये आली ती मात्र गिरणीतून नव्हे, पलटणींतून. खडकीच्या रणांगणावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवाईच्या अखेरीस आरंभ झाला आणि पुढे त्याच माळावर छावणी वसली. बाँबे सॅपर्सचे केंद्र आजही खडकीस आहे. गोऱ्या पलटणींचे बँड पाहून संस्थानिकांनी आपले बँड उभारले. त्यांतून निवृत्त झालेल्या वादकांनी शहरांत लग्न-मिरवणुकीचे बँड काढले. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांस लिखित संगीत शिकविले जाई. तेथून निघालेले वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे चित्रपटांत गेले. आल्डोना येथील आंतोनियो झेवियर वाझ उर्फ चिक चॉकलेट यांच्या ट्रंपेटचा ठसा सी. रामचंद्र यांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या संगीतावर स्पष्ट आहे. आणि पुण्यात अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत मानाच्या गणपतींपुढे प्रभात, दरबार, न्यू गंधर्व हे बँड ऐकण्यासाठी लोक दाटी करून उभे राहतात, हे आपण सर्व जाणतोच.

तरीही वाजविणाऱ्यास मान नाही, ही आपल्याकडील तक्रार खोटी नाही. सनई-चौघडा, संबळ, डफ, हलगी वाजविण्याचे काम गावगाड्याने ठराविक ज्ञातींवर सोपविले आणि बँड आला तेव्हा तोच शिक्का त्याही कामावर उमटला. तोच कॉर्नेट क्वीन्सबरीच्या कामगारास प्रतिष्ठा देतो आणि खेड-मावळातील लग्नात वाजविणाऱ्यास देत नाही. पण ह्यात दोष कॉर्नेटचा नव्हे! शिवाय काळही थोडाबहुत पालटला आहे. भारतीय लष्कराने १९५० मध्ये पचमढी येथे संगीताचे शिक्षण सुरू केले. तेथे शिकलेले वादक दर वर्षी २९ जानेवारीस दिल्लीच्या विजय चौकात देशासमोर वाजवितात. महाराष्ट्र पोलीस दलाच्या अलीकडील भरतीत बॅण्ड्समनची स्वतंत्र पदे निघाली आहेत. वायुदल व नौदल ह्यांनीही अग्निवीर योजनेत वादकांची भरती केली. ह्या जागा थोड्या असतात आणि स्पर्धा मोठी असते, म्हणून नोकरीच्या आशेने वाद्य घ्या असे आम्ही सांगणार नाही. परंतु ही विद्या हीन आहे असेही कोणी मुलांस सांगू नये.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू.

प्रारंभीच्या विद्यार्थ्यासाठी आमची निवड कॉर्नेट ही आहे, आणि ती नसल्यास ट्रंपेट. दोहोंची नळी उलगडल्यास लांबी जवळजवळ सारखीच, सुमारे साडेचार फूट भरते, बोटेही तीच. परंतु कॉर्नेटची नळी अधिक वळसे घेऊन आखूड बसविलेली असल्यामुळे त्याचा भार शरीराजवळ राहतो आणि दहा वर्षांच्या मुलाचा हात लवकर थकत नाही. दोन्ही वाद्ये सामान्यतः बी फ्लॅट ह्या पट्टीची घ्यावीत. आपल्या पेटीच्या भाषेत सांगावयाचे तर त्यांचा मोकळा षड्ज काळी पाचमध्ये येतो. शाळांच्या पथकांत हीच पट्टी रूढ आहे आणि शिक्षणाची पुस्तकेही तीच धरून लिहिलेली असतात. ट्रॉम्बोनला कळा नसतात. त्याची सरकती नळी पुरी लांबविण्यास लहान मुलाचा हात पुरत नाही. युफोनियम गोड वाद्य आहे खरे, पण महाग आणि जड. ते शाळेने घ्यावे. बिगुल सर्वांत स्वस्त, आणि ओठांची ठेवण बसविण्यास वाईट नाही. पण त्यावर गाणे वाजत नसल्यामुळे मुलाचा उत्साह फार दिवस टिकत नाही. आरंभ साधारणपणे पुढचे कायमचे दात येऊन स्थिर झाल्यावर, म्हणजे आठ-नऊ वर्षांनंतर करावा. दातांस तारा बसवावयाच्या असतील तर दंतवैद्यास आधी विचारावे.

आपल्या देशात परवडणारे नवे वाद्य म्हणजे बहुधा मीरतचे. तेथील छावणीच्या आश्रयाने हा धंदा वाढला. नादिर अली यांच्या घराण्याचे नाव १८८५ पासून ह्या धंद्याशी निगडित आहे, आणि जली कोठी ही तेथील वस्ती बँडच्या सामानासाठी देशभर ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले तेव्हा इंग्लंडची वाद्ये मिळेनाशी झाली आणि गावोगावचे बँड मीरतच्या मालावर उभे राहिले. हे वाद्य काही हजार रुपयांत मिळते. जपानमध्ये यामाहा कंपनीने १९६० च्या दशकात ट्रंपेट करावयास आरंभ केला आणि पुढे विद्यार्थ्यांसाठी जी एकसारख्या मापाची वाद्ये काढली, त्यांस ह्याच्या कित्येक पट किंमत पडते. मीरतचे वाद्य म्हणजे टाकाऊ असे समजणे अन्यायाचे होईल. मात्र हातकामाच्या मालात एक नग उत्तम तर दुसरा साधारण, असे घडते. म्हणून नाव पाहून न घेता नग पाहून घ्यावा, आणि वाजविणारा माणूस बरोबर न्यावा. शाळेचा बँडशिक्षक किंवा गावातील एखादा जुना बँडवाला आनंदाने येईल. एका चहावर जे ज्ञान तो देईल, ते छापील माहितीपत्रकांत मिळणार नाही.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने वाढदिवसासाठी ऑनलाइन मागवून एक चकचकीत, बिननावाचे ट्रंपेट आणले. दोन महिन्यांत मधली कळ अडकू लागली. वडील टूलरूममध्ये काम करणारे, हाताने अत्यंत कुशल. त्यांनी कळ काढून पॉलिश पेपरने घासली, यंत्राचे तेल घातले आणि वाद्य कायमचे निकामी झाले. ही कथा मुद्दाम सांगितली, कारण आपल्या पट्ट्यात असे कुशल वडील घरोघरी आहेत. कळेचा दट्ट्या आणि त्याचे नळकांडे ह्यांमधील अंतर मिलिमीटरच्या तीन-चार शतांशांइतकेच असते. तेथे घासले की हवा गळू लागते, आणि गळलेली हवा परत आणता येत नाही. कळेस तिच्यासाठी मिळणारे पातळ तेलच घालावे. खोबरेल, शिवणयंत्राचे तेल किंवा कारखान्यातील ग्रीस वापरू नये. दट्ट्यांवर १, २, ३ असे अंक कोरलेले असतात; ज्याचा तो त्याच नळकांड्यात परत बसवावा.

जुने वाद्य घ्यावे काय? अवश्य घ्यावे, पण डोळे उघडे ठेवून. २०२० मध्ये करोनामुळे लग्नांवर बंधने आली तेव्हा कित्येक बँडवाल्यांची कामे बुडाली. त्याआधीच ध्वनिवर्धकांच्या भिंतींनी त्यांस मागे ढकलले होते. त्यामुळे वापरलेली वाद्ये अधूनमधून विकावयास निघतात. अशा वाद्याची पारख करण्याच्या काही खुणा आहेत. कळेशी जोडलेली छोटी सरकनळी, ती कळ न दाबता, झटकन ओढावी. ‘टप्’ असा स्वच्छ आवाज आला तर कळ हवा धरून आहे; निमूटपणे बाहेर आली तर झीज झाली आहे. घंटेच्या आकाराच्या पुढील तोंडावरचे पोचे दिसण्यास वाईट, पण फारसे घातक नसतात. मुखाजवळच्या नळीचे पोचे मात्र स्वर बिघडवितात. पोचा काढणे म्हणजे आतून पोलादी दांडी घालून हळूहळू दाबणे. आमच्या पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांचा हात घंगाळास मठार देण्यात अद्वितीय आहे. पण हे काम निराळे, आणि बाहेरून हातोडी घातली तर नळी चिरते. उखडलेला सांधा ही साधी गोष्ट. डाख दिला की काम भागते. पण मुखाजवळच्या नळीवर गुलाबी-तांबूस ठिपके आणि त्यांच्या मध्यभागी काळसर टिंब दिसले तर ते वाद्य ठेवून द्यावे. पितळ म्हणजे साधारण ७० भाग तांबे व ३० भाग जस्त. श्वासातील दमटपणाने व आम्लाने आतून जस्त झिरपून जाते आणि नुसते पोकळ तांबे उरते. वर कितीही मुलामा चढविला तरी आतील रोग बरा होत नाही.

आणखी एक धोका असा की, तो डोळ्यांस दिसत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात कधीकाळी एखादे अस्सल इंग्रजी कॉर्नेट हाती लागते. लंडनच्या नामांकित कारखान्याचे नाव, सुंदर कोरीवकाम, आणि किंमतही माफक. पालकांस मोह पडतो. पण इंग्लंडमधील ब्रासबँड १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत एका जुन्या चढ्या पट्टीत वाजत असत. जगाने १९३९ च्या लंडन परिषदेत ज्या स्वराची कंपने सेकंदास ४४० ठरविली, तोच स्वर त्या वाद्यांत सुमारे ४५२ कंपनांचा असे. हा फरक अर्ध्या स्वराच्या जवळजवळ निम्मा भरतो. असे कॉर्नेट एकट्याने वाजविले तर गोड लागते. पण पेटीबरोबर किंवा शाळेच्या पथकात वाजविले की सारे बेसूर होते, आणि मुलास वाटते की चूक आपलीच आहे. इतिहासातही ह्या पट्टीच्या घोटाळ्याने मोठी फजिती केली होती. क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी १८५४ मध्ये स्कुटारी येथे राणीच्या वाढदिवसाच्या संचलनात अनेक पलटणींच्या बँडांनी राष्ट्रगीत एकाच वेळी वाजविले. प्रत्येकाची पट्टी निराळी आणि स्वररचनाही निराळी! त्या लाजिरवाण्या प्रसंगानंतर १८५७ मध्ये नेलर हॉल येथे लष्करी संगीताची शाळा निघाली. सुदैवाने आज भ्रमणध्वनीवरील ट्यूनरने ही पारख क्षणात होते. मुख्य सरकनळी थोडी बाहेर ओढून मोकळा स्वर वाजवावा. काटा बी फ्लॅटवर येत नसेल आणि सतत चढाच राहत असेल, तर ते वाद्य कपाटात ठेवण्यास उत्तम, विद्यार्थ्यास निरुपयोगी.

२०१० नंतर इंग्लंडात प्लास्टिकचे ट्रॉम्बोन आणि पाठोपाठ प्लास्टिकचे ट्रंपेटही निघाले. हलके असतात, पडले तरी पोचत नाहीत. अगदी लहान मुलांसाठी ते ठीक. पण कळ बिघडली तर आपल्याकडे दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न उरतो. पितळी वाद्याची खरी किंमत ठरविताना हा दुरुस्तीचा प्रश्न आम्ही किमतीच्याही आधी ठेवू. ज्या वाद्याचा सुटा भाग पुण्यात मिळतो आणि ज्यास हात लावणारा कारागीर आठवड्यात भेटतो, ते हजार-दोन हजार अधिक पडले तरी स्वस्तच समजावे.

सरावाविषयी थोडेसे. चाळीत, कंपनीच्या वसाहतीत किंवा दोन खोल्यांच्या सदनिकेत कॉर्नेट वाजविणे म्हणजे शेजाऱ्यांशी वैर पत्करणे होय. त्यातून तिसरी पाळी करून आलेले वडील दुपारी झोपलेले असतात, हे आपल्या पट्ट्यातील घरोघरचे वास्तव आहे. ह्यासाठी वाद्याच्या तोंडात बसविण्याचा सरावाचा म्यूट मिळतो. तो वाद्याबरोबरच घ्यावा, नंतर घेऊ म्हटले की राहून जातो. रोज वीस मिनिटे पुरेत. ओठ हे स्नायू आहेत, रविवारी तीन तास वाजवून आठवड्याची भरपाई होत नाही. मुलींनी हे वाद्य वाजवू नये, छातीवर ताण येतो, अशी एक समजूत अद्याप कानी येते. तीस काही आधार नाही. वायुदलाने वादकांच्या भरतीत मुलींसही बोलाविले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आता निधीविषयी. अर्जदारास रोख रक्कम द्यावी आणि त्याने हवे ते वाद्य आणावे, ह्या पद्धतीस आमची संमती नाही. उत्तर इंग्लंडातील कामगारांचीच रीत आपण घ्यावी. वाद्य मंडळाच्या नावे खरेदी व्हावे, त्यावरील अनुक्रमांक नोंदवहीत लिहावा, आणि ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे ते विद्यार्थ्यास एका वर्षाच्या बोलीने द्यावे. वर्षभर सराव केला असे शिक्षकाने लिहून दिल्यास मुदत वाढवावी. मुलाचा रस संपला तर वाद्य दुसऱ्या घरी जावे, आणि त्यात कोणी कमीपणा मानू नये. पंधरा वर्षांच्या मुलांचे छंद बदलतात. माउथपीस मात्र प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतःचे असावे, कारण ते ओठांशी जुळावे लागते आणि आरोग्याच्या दृष्टीनेही तेच योग्य. त्याचा खर्च पालकांनी सोसावा. महिन्यातून एकदा कोमट पाण्याने वाद्य आतून धुणे आणि तेलाची बाटली भरलेली ठेवणे हीदेखील पालकांची जबाबदारी राहील.

पहिले वाद्य घेताना आमचे मत बी फ्लॅट कॉर्नेटच्या बाजूने आहे, हे वर आलेच आहे. पैसे उरले आणि दुसरे घेता आले, तर युफोनियमचा किंवा सॅक्सोफोनचा मोह न धरता तेही कॉर्नेटच घ्यावे. म्हणजे एकाच पुस्तकावरून, एकाच शिक्षकाकडे दोन मुले शेजारी बसून शिकतील, आणि एकाची कळ दुरुस्तीस गेली तर आपापले माउथपीस लावून दोघे आळीपाळीने त्या आठवड्याचा पाठ पुरा करतील.